घराचं विजेपासून संरक्षण : आधी अर्थिंग, मग एसपीडी, आणि वरचा भाला सगळ्यात शेवटी

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला की फोन सुरू होतात, अरेस्टर (गच्चीवर उभा करतात तो विजेचा भाला) लावायचाय, किती फुटांचा लावू, तांब्याचा घेऊ का, शेजारच्याने लावलाय तर आमचं घर त्याच्यात कव्हर होतं का. मग जूनमध्ये पाऊस लागला की सगळे विसरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला परतीचा पाऊस कडकडायला लागला की परत तेच. मी वायरिंग-अर्थिंगची कामं करतो, गावाकडची घरं, गोठे, छोट्या सोसायट्या, एखाददुसरं देऊळ, त्यामुळे जे लिहितोय ते कामावर रोज लागतं तेच लिहितोय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं.

पहिली गोष्ट, अरेस्टर वीज थांबवत नाही, परतवत नाही आणि लांबून खेचूनही आणत नाही. म्हणजे ज्यांना वाटतं लावला की आपल्यावर पडणारच नाही तेही चूक आणि जे शेजारी भांडायला येतात की तुमच्या भाल्यामुळे आमच्यावर पडेल तेही चूक. ढगातून जो विजेचा फाटा खाली येतो तो वर असताना त्याला तुमचं घर, झाड, खांब काही माहीत नसतं, जमिनीपासून पन्नास-शंभर मीटरवर आल्यावरच ठरतं की कुठे टेकायचं. त्या शेवटच्या टप्प्यात आपला भाला पुढे उभा असतो एवढंच, आणि मग तो करंट भिंतीतून, वायरिंगमधून, माणसातून न जाता आपण दिलेल्या पट्टीतून जमिनीत जातो. काम एवढंच आहे. पण त्यासाठी खालची जमिनीची बाजू नीट पाहिजे आणि आपल्याकडे नेमकी तीच नसते, वर चकचकीत तांब्याचा पाच काट्यांचा भाला आणि खाली पट्टी मातीत फूटभर खुपसलेली, असं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता वर बघतच नाही, आधी खालीच बघतो.

आता खरंच किती धोका आहे ते आधी मोजू, कारण खर्च कुठे करायचा ते त्यावरून ठरतं. आपल्याकडे यासाठी आयएस/आयईसी ६२३०५ हे स्टँडर्ड आहे (त्याच्या आधी आयएस २३०९ होतं, जुने कॉन्ट्रॅक्टर अजून त्याचंच नाव घेतात). त्यात घराचं 'संकलन क्षेत्र' काढायची रीत आहे, सोपं करून सांगायचं तर घराच्या भोवती उंचीच्या तिप्पट अंतरापर्यंत जेवढी जमीन येते तेवढ्यात पडणारी वीज तुमच्या घराने आपल्यावर घेतली असं धरायचं. समजा घर १० बाय १२ मीटर, एक मजला वर, उंची ७ मीटर, तर हे क्षेत्र येतं साधारण २,४०० चौरस मीटर. तुमच्या भागात वर्षाला एका चौरस किलोमीटरवर ५ विजा पडतात असं धरा, तर थेट घरावर पडायची पाळी सरासरी ८० वर्षांतून एकदा. घर एकटं टेकडीच्या माथ्यावर असेल तर दुप्पट धरायचं म्हणजे ४० वर्षं, आजूबाजूला जास्त उंच इमारती किंवा झाडं असतील तर पाव धरायचं म्हणजे ३०० वर्षांच्या वर. हेच गणित २० बाय २० मीटरच्या ४० मीटर उंच टॉवरला लावा, क्षेत्र होतं ५५,००० चौरस मीटरच्या वर आणि पाळी साडेतीन-पावणेचार वर्षांतून एकदा. म्हणून उंच बिल्डिंगला अरेस्टर हवाच, त्यात चर्चा नाही.

आणि आता खरी गंमत. त्याच स्टँडर्डमध्ये तुमच्या घराला येणाऱ्या लाइटच्या तारांसाठीही गणित आहे. तारांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटरपर्यंत कुठेही वीज पडली तरी तारांत झटका येऊ शकतो असं धरतात, म्हणजे डीपीपासून एक किलोमीटर उघडी लाइन आली असेल तर ४ चौरस किलोमीटर झालं, आणि वर धरलेल्या हिशोबाने वर्षाला २० वेळा. थेट घरावर ८० वर्षांतून एकदा आणि तारेतून वर्षाला २० वेळा! प्रत्येक वेळी काही जळत नाही अर्थात, बरेच झटके छोटे असतात. पण दर पावसाळ्यात टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर, मोटारीचा स्टार्टर जातो तो या रस्त्याने जातो आणि त्याला गच्चीवरचा भाला काही म्हणजे काही करू शकत नाही. त्यामुळे साध्या बैठ्या किंवा दुमजली घराला माझा क्रम ठरलेला आहे, आधी अर्थिंग आणि बाँडिंग (सगळ्या अर्थिंग आणि धातूच्या वस्तू एकमेकांना जोडणं), मग एसपीडी (तारेतला झटका अर्थमध्ये वळवणारं उपकरण), आणि पैसे उरले किंवा जागा धोक्याची असेल तर वरचं काम.

अर्थिंग

अर्थिंगचा खड्डा म्हणजे आपल्याकडे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप, कोळसा, मीठ, वर चेंबरचं झाकण. चालतं का, चालतं, पण मीठ पावसात वाहून जातं आणि राहिलेलं मीठ पाइप खातं, काही वर्षांत उकरलं तर पाइप चाळणी झालेला निघतो. आता मी तांब्याचा थर दिलेला (कॉपर बाँडेड) रॉड घालतो आणि भोवती बेंटोनाइट, ती माती ओल धरून ठेवते. रॉड ३ मीटरचा. स्टँडर्डमध्ये संरक्षणाचे चार वर्ग आहेत, १ सगळ्यात कडक, साध्या घरांना ३ किंवा ४; या घरगुती वर्गांना उभा रॉड कमीत कमी अडीच मीटर जमिनीत पाहिजे आणि असे कमीत कमी दोन, तेही घराच्या वेगवेगळ्या बाजूंना, एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन ठोकले तर दोनाचा फायदा मिळत नाही.

आता जमीन कशी आहे त्यावर सगळं आहे. काळ्या मातीत काम सोपं, रेझिस्टन्स पटकन खाली येतो, फक्त उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि रॉडभोवतीची माती सुटते, म्हणूनही बेंटोनाइट हवं. मुरमात जरा जास्त कष्ट. कोकणात जांभा आणि घाटावर कातळ लागला की रॉड जातच नाही, तिथे कॉन्ट्रॅक्टर लोक दोन फुटांवर रॉड कापून वर झाकण लावतात, हे होऊ देऊ नका, समोर उभं राहून रॉड आत जाताना बघा. कातळात उभ्या रॉडचा हट्ट सोडायचा आणि घराभोवती रिंग टाकायची, म्हणजे भिंतीपासून साधारण एक मीटर लांब, कमीत कमी अर्धा मीटर खोल चर खणून त्यात पट्टी पूर्ण वेढा घालून पुरायची आणि दोन्ही टोकं जोडायची. खरं सांगायचं तर नवीन घर बांधताना सगळीकडेच रिंग टाकावी, पायाचं खोदकाम चालूच असतं, जेसीबी दारात असतो, फक्त पट्टीचा खर्च. रिंगचा अजून एक फायदा असा की वीज पडते तेव्हा घराभोवतीच्या जमिनीत जो व्होल्टेज पसरतो तो जरा सपाट होतो, माणसाच्या किंवा जनावराच्या दोन पायांत फरक कमी पडतो.

रेझिस्टन्स १० ओहमच्या आत असावा असं स्टँडर्ड सुचवतं. मोजायचा मे महिन्यात. पावसाळ्यात मोजलं तर सगळ्यांचीच अर्थिंग भारी येते. आणि मोजताना अर्थ टेस्टरने, दोन खुंट्या लांब ठोकून, मल्टिमीटरने किंवा बल्ब पेटवून नाही. बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग मस्त, हे वायरमन लोकांचं आवडतं वाक्य आहे, पण साठ वॉटचा बल्ब पाव अँपिअरवर पेटतो आणि विजेचा करंट असतो ३०,००० अँपिअरच्या आसपास, कधी एक लाखाच्या पुढे.

सगळं एकत्र बांधा

हा भाग लोकांना सगळ्यात जास्त पटत नाही. अरेस्टरची अर्थिंग वेगळी, घराची वेगळी, कम्प्युटरची अजून वेगळी आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नको, असं ठामपणे सांगणारे इंजिनिअर पण भेटतात. वेगवेगळे खड्डे ठीक आहेत पण ते जमिनीखालून एकमेकांना जोडलेलेच पाहिजेत. का, तर हिशोब करा, ३०,००० अँपिअर गुणिले १० ओहम, म्हणजे अरेस्टरची पट्टी त्या क्षणी ३ लाख व्होल्टवर उचलली जाते. बाजूला तुमच्या घराची 'वेगळी' अर्थिंग शून्याजवळ बसलीय. मध्ये ३ लाख व्होल्टचा फरक आणि दोघांत एक नऊ इंची भीत. तो करंट भीत फोडून वायरिंगमध्ये उडी मारणार, यालाच साइड फ्लॅश म्हणतात. सगळं जोडलेलं असलं तर सगळं घरच एकदम वर उचललं जातं आणि आत कशात फरक राहत नाही, तारेवर बसलेल्या चिमणीसारखं.

तर काय करायचं, मीटर पेटीजवळ किंवा मेन डीबीच्या (एमसीबी असतात त्या पेटीच्या) खाली एक तांब्याची जाड पट्टी बसवायची, मेन अर्थ बार, आणि तिला आणून जोडायचं : घराची अर्थिंग, अरेस्टरची अर्थिंग, जवळ असेल तर बोअरची लोखंडी केसिंग, पाण्याचे लोखंडी पाइप, गच्चीवरच्या सोलरचा सांगाडा, डिशचा खांब, लोखंडी जिना. पीव्हीसी पाइप सोडून द्या. पाइप गॅस असेल तर त्याला स्वतः हात लावू नका, गॅसवाल्या कंपनीला विचारून त्यांच्या पद्धतीनेच.

एसपीडी

एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, डीबीमध्ये एमसीबीसारखंच दिसतं, समोर हिरवी खिडकी असते. नेहमी ते शांत बसतं आणि तारेत झटका आला की मायक्रोसेकंदाच्या आत तो अर्थमध्ये वळवतं. एमसीबी, आरसीसीबी (करंट गळला की बंद होणारा स्विच), स्टॅबिलायझर यांच्यापैकी कोणीच हे काम करत नाही, एमसीबी ट्रिप व्हायला काही मिलिसेकंद लागतात तोवर टीव्ही गेलेला असतो. आणि हो, अर्थिंग नसेल तर एसपीडी म्हणजे शोभेची वस्तू, झटका वळवायचा कुठे?

यात प्रकार आहेत. टाइप १ म्हणजे थेट विजेचा हिस्सा पेलणारा, त्याच्यावर १०/३५० असं लिहिलेलं असतं. टाइप २ छोट्या झटक्यांसाठी, ८/२०. टाइप ३ उपकरणाजवळ. गच्चीवर अरेस्टर असेल तर मेनला टाइप १ किंवा १+२ एकत्र असलेलाच घ्यायचा, हे लक्षात ठेवा, कारण अरेस्टरवर वीज पडते तेव्हा सगळा करंट काही खड्ड्यात जात नाही, डिझाइन करताना निम्मा जमिनीत आणि निम्मा बाहेर जाणाऱ्या तारा-पाइपांतून असं धरतात. म्हणजे नुसता अरेस्टर लावून एसपीडी न लावणं हे कधी कधी काहीच न लावण्यापेक्षा घरातल्या सामानाला जास्त वाईट. उघड्या लाइनने लाइट येत असेल तर अरेस्टर नसला तरी मी १+२ च सांगतो. शहरात जमिनीखालून केबल आली असेल, इमारत मोठी असेल, तर फ्लॅटच्या डीबीत टाइप २ पुरतो, मेनचं सोसायटीने बघायचं.

विकत घेताना बघायच्या गोष्टी : कमाल चालू व्होल्टेज २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा घ्या कारण गावाकडे रात्री व्होल्टेज कुठेही जातं. प्रोटेक्शन लेव्हल, म्हणजे झटका अडवल्यावरही पुढे जाणारं व्होल्टेज, दीड किलोव्होल्ट किंवा कमी, कारण टीव्ही-फ्रीजसारखी उपकरणं साधारण अडीच किलोव्होल्टपर्यंतचा झटका सहन करतील अशी बनवतात. ज्या घरात अर्थ आपलीच खड्ड्याची आहे, महावितरणकडून आलेली नाही (गावात बहुतेक हेच), तिथे फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ अशा जोडणीचा म्हणजे १+१ घ्यायचा, थ्री फेजला ३+१, आणि तो आरसीसीबीच्या आधी बसवायचा. एवढं वायरमनला सांगितलं तरी कळेल, नाही कळलं तर वायरमन बदला.

बसवताना एकच नियम, वायर आखूड. एसपीडीला येणारी आणि तिथून अर्थ बारला जाणारी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. छान दिसावं म्हणून वायरची गुंडाळी करून चॅनेलमधून फिरवून आणतात, तसं केलं की संपलं, विजेचा झटका इतका झटपट चढतो की एक मीटर सरळ वायरवरसुद्धा हजारभर व्होल्ट सहज उभा राहतो आणि तो एसपीडीच्या दीड किलोव्होल्टमध्ये मिळून उपकरणावर येतो. अर्थची वायर टाइप १ ला १६ चौरस मिमी तांबं, टाइप २ ला ६. दर पावसाळ्याआधी खिडकी बघा, लाल झाली असेल तर कार्ट्रिज बदला, तो मेला म्हणजे त्याने काम केलंय, फसवणूक झाली म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

फायबरचं इंटरनेट असेल तर काचेच्या तारेतून झटका येत नाही, पण राउटरचा अ‍ॅडॅप्टर लाइटला लावलेलाच असतो. एका घरातून दुसऱ्या घरात तांब्याची लॅन केबल किंवा सीसीटीव्हीची वायर नेलेली असेल तर तो मात्र उघडा दरवाजा आहे, तिथे फायबर टाका नाहीतर दोन्ही टोकांना डेटाचे एसपीडी.

आता वरचं काम

भाला किती उंच, हा सगळ्यांचा प्रश्न. जुना ४५ अंशांचा हिशोब म्हणजे भाल्याच्या टोकापासून तिरकी रेघ खाली काढा, ३ मीटरचा भाला असेल तर गच्चीच्या पातळीला भोवती ३ मीटर झाकलं. नवीन तक्ते कमी उंचीला याच्यापेक्षा जास्त कोन देतात, तरी मी साध्या घराला ४५ च धरतो, थोडं जास्त सामान लागतं पण झोप लागते. म्हणजे मोठ्या गच्चीला मधोमध एक भाला पुरत नाही हे कळलंच असेल. आणि वीज बहुतेक कडेला, कोपऱ्यावर, टाकीवर, जिन्याच्या टोपीवर पडते, मध्ये नाही. म्हणून खरी पद्धत अशी की गच्चीच्या कठड्यावरून चारही बाजूंनी ८ मिमीची गोल तार किंवा पट्टी फिरवायची, मोठी गच्ची असेल तर मध्ये आडव्या-उभ्या तारा टाकून जाळी करायची (वर्ग ३ ला १५ बाय १५ मीटर, वर्ग ४ ला २० बाय २०), आणि टाकी, जिना, डिश जे वर आलंय त्याच्या बाजूला छोटा भाला. दिसायला काहीच भारी दिसत नाही म्हणून गिऱ्हाइकाला पटत नाही, पण हेच बरोबर आहे.

उंच इमारतीला आणि वेड्यावाकड्या छपराला गोळ्याची पद्धत वापरतात, ४५ किंवा ६० मीटर त्रिज्येचा एक मोठा गोळा इमारतीवरून लोळवला अशी कल्पना करायची, जिथे जिथे तो टेकेल तिथे वीज पडू शकते. सगळ्यात कडक वर्गाला, म्हणजे स्फोटकांची गोदामं वगैरे, २० मीटरचा गोळा. हे काम कागदावर डिझायनरने करायचं, अंदाजाने नाही.

खाली येणाऱ्या पट्ट्या, डाउन कंडक्टर, छोट्या घरालासुद्धा कमीत कमी दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. मोठ्या इमारतीला वर्ग ३ ला दर १५ मीटरवर एक. दोन असले की करंट विभागतो आणि साइड फ्लॅशचा धोका बराच कमी होतो. सरळ खाली आणायच्या, काटकोनात मुरडायच्या नाहीत, सज्जाला वळसा घालून वर-खाली करायच्या नाहीत, आणि पावसाच्या पन्हाळीत किंवा पावसाचं पाणी उतरणाऱ्या पाइपच्या आत तर अजिबात नाही, ओल राहून गंजतात. दारा-खिडक्यांपासून लांब. आतल्या बाजूला त्याच भिंतीवर डीबी किंवा टीव्ही असेल तर पट्टीची जागा बदला.

धातू कुठला, तांबं उत्तम पण चोरीला जातं, गावाकडच्या देवळांचं तांबं तर पहिल्या अमावस्येलाच. मी वर अॅल्युमिनियम आणि खाली जीआय घालतो. जमिनीच्या वर सगळ्यांना कमीत कमी ५० चौरस मिमी, जमिनीत पुरायच्या जीआय पट्टीला ९०. अॅल्युमिनियम जमिनीत पुरायचं नाही, प्लास्टरमध्ये पण नाही, खाऊन जातं. तांबं आणि जीआय किंवा अॅल्युमिनियम थेट एकमेकांना बोल्ट करायचं नाही, मध्ये बायमेटल क्लँप. प्रत्येक पट्टीला माणसाच्या डोक्याच्या वर एक टेस्ट जॉइंट ठेवा, मोजताना सोडवता आला पाहिजे. आणि जिथे लोक उभे राहतात, ओटा, अंगण, शाळेचा व्हरांडा, तिथे जमिनीपासून वर ३ मीटरपर्यंत पट्टी जाड इन्सुलेटेड पाइपात घ्या आणि भोवती १५ सेमी खडीचा थर टाका, पावसात लोक नेमके भिंतीला टेकून उभे राहतात.

आरसीसीचं नवीन घर बांधत असाल तर कॉलममधली सळईच डाउन कंडक्टर म्हणून वापरता येते, फक्त ठरलेल्या सळया वरपासून पायापर्यंत वेल्ड किंवा क्लँप करून सलग न्यायच्या आणि स्लॅब भरायच्या आधी फोटो काढून ठेवायचे. वरपासून खालपर्यंत मोजल्यावर ०.२ ओहमच्या आत आलं पाहिजे. बांधून झालेल्या घरात हा उद्योग करू नका, आत सळई कुठे तुटलीय कोणाला माहीत.

पत्र्याचं घर आणि गोठा

पत्रा असला की लोक घाबरतात, खरं तर नीट जोडलेला पत्रा हा फुकटचा अरेस्टर आहे. पण स्टँडर्डप्रमाणे लोखंडी पत्रा कमीत कमी अर्धा मिमी पाहिजे आणि तेवढ्यालासुद्धा वीज पडली तर भोक पडू शकतं, ते पडू नये असं हवं असेल तर ४ मिमी, तो कोणी छपराला घालत नाही. बाजारातला बराच पत्रा अर्ध्या मिमीपेक्षा पातळ असतो. म्हणून पत्र्याच्या खाली लगेच कडबा, कापूस, गवत रचलेलं असेल तर पत्र्यावर भरवसा ठेवू नका, वर थोडं अंतर ठेवून वेगळी तार ताणा. नाहीतर सगळे पत्रे आणि लोखंडी कैची एकमेकांना जोडून दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून अर्थमध्ये उतरवा. लाकडी मेढींवर पत्रा आणि खाली काहीच नाही, ही सगळ्यात वाईट रचना, वीज पत्र्यापर्यंत येते आणि मग खाली जायला माणूस किंवा बैल शोधते.

जनावरांचं वेगळं लिहायला पाहिजे. पुढच्या आणि मागच्या पायांत मीटर-दीड मीटर अंतर असतं, म्हणून जमिनीत पसरलेल्या व्होल्टेजचा फरक त्यांना माणसापेक्षा जास्त बसतो आणि तो छातीतून जातो, म्हणून एका झाडाखाली उभी असलेली चार-पाच जनावरं एकदम जातात आणि अंगावर साधी जखम नसते. गोठ्यात डाउन कंडक्टर गव्हाणीच्या विरुद्ध बाजूला घ्या, लोखंडी साखळी पट्टीला किंवा तिच्या खांबाला बांधू नका, कोबा करताना खाली वेल्ड मेश टाकून ती अर्थला आणि लोखंडी खांबांना जोडा. आणि पावसात गुरं एकट्या झाडाखाली बांधू नका, आंबा असो की बाभूळ.

देवळाचं थोडक्यात, कळस धातूचा असतो, सगळ्यात उंच असतो आणि जमिनीशी जोडलेला नसतो. वीज कळसावर येते, पुढे दगडातून वाट काढते, दगडात मुरलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होऊन दगड फुटतो. कळसाला क्लँप लावून शिखराच्या मागच्या बाजूने दोन पट्ट्या खाली आणल्या की झालं, कळसापेक्षा उंच झेंड्याचा लोखंडी पाइप लावलेला असेल तर तोही जोडा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं देऊळ असेल तर आधी त्यांची परवानगी.

सोलर

गच्चीवर सोलर बसवणारे आता गल्लोगल्ली झालेत, ते सोबत एक 'एलए' देतात, एक मीटरचा काटा पॅनेलच्या सांगाड्यालाच बोल्ट केलेला. काटा पॅनेलपासून थोडा लांब स्वतंत्र उभा पाहिजे, सावली पडणार नाही असा उत्तरेला, आणि त्याची पट्टी वेगळी खाली गेली पाहिजे. इन्व्हर्टरच्या डीसी बाजूला डीसीचाच एसपीडी, एसी बाजूला एसीचा, अदलाबदल चालत नाही. पॅनेलच्या प्लस आणि मायनस वायरी शेजारी शेजारी बांधून आणा, त्यांच्यात मोठा मोकळा वेढा राहिला की त्यातच झटका तयार होतो. सांगाडा मेन अर्थशी जोडलाय ना ते बिल द्यायच्या आधी बघा.

महागाचे भाले

ईएसई नावाचा एक प्रकार विकतात, स्टीलचा लठ्ठ डबा असतो आणि सांगतात एकच लावा, शंभर मीटरपर्यंत सगळं कव्हर. फ्रान्सचं एक स्टँडर्ड आहे त्याच्यासाठी, पण आयईसी ६२३०५ मध्ये त्या जादाच्या त्रिज्येला मान्यता नाही, साध्या भाल्याला जेवढं क्षेत्र मिळतं तेवढंच त्याला धरायचं. मलेशियात अशा भाल्यांच्या 'कव्हर'मधल्या इमारतींचे कोपरे विजेने फुटलेले फोटोंसकट नोंदवलेले आहेत. किरणोत्सारी टोकाचे जुने भाले तर बंदच आहेत, तुमच्या जुन्या इमारतीवर असेल असा संशय असेल तर हात न लावता जाणकाराला बोलवा. तीच गोष्ट टोकाची, टोक सुईसारखं पाहिजे म्हणून लोक अडून बसतात, अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर चार्ल्स मूर यांनी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी भाले लावून बघितले तेव्हा वीज थोड्या बोथट टोकांवर पडली, अणकुचीदारांवर नाही. त्यामुळे टोकाला धार लावत बसू नका. आणि पायाळू माणसावर वीज पडते, अंगणात पहार टाकली की घरावर पडत नाही, हे आजीचं ऐकून सोडून द्या, पहार आणायला पावसात बाहेर जाऊ नका म्हणजे झालं.

देखभाल

सगळं बसवल्यावर कोणी परत बघत नाही. वॉटरप्रूफिंगवाला येतो, पट्टी आडवी येते म्हणून कापतो आणि परत जोडत नाही. केबलवाला आपली केबल अरेस्टरच्या खांबाला बांधतो, म्हणजे वीज थेट सगळ्यांच्या टीव्हीत. रंगवाला टेस्ट जॉइंट रंगवून टाकतो. कोणीतरी नवीन डिश भाल्यापेक्षा उंच लावतो. सोसायटीत गच्चीवर कुठलंही काम झालं की सेक्रेटरीने एक फेरी मारावी, पट्टी हाताने हलवून बघावी. घरगुती वर्गांना नजरेने तपासणी दोन वर्षांतून आणि पूर्ण मोजणी चार वर्षांतून असं स्टँडर्ड म्हणतं, पण आपल्या पावसात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत मी दर मे महिन्यात बघायला सांगतो. वीज पडली असं वाटलं तर लगेच : क्लँप, एसपीडीच्या खिडक्या, माळ्यावर धुराचा वास, लाकडी छपरात धुमसतंय का ते तासाभराने परत एकदा.

आणि हे सगळं होईपर्यंत, म्हणजे आज संध्याकाळीच ढग आले तर : पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप घ्या, ते जवळपास वीज असली की कळवतं. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे, घरात या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. प्लग काढायचे ते वादळ यायच्या आधी, कडकडाट सुरू झाल्यावर सॉकेटला हात लावायला जाऊ नका. आंघोळ, भांडी, नळ थांबवा, भिंतीला टेकू नका, गच्चीवर कपडे राहिले असतील तर भिजू द्या. मोबाइल वापरला तर चालतो, फक्त चार्जिंगला लावलेला नको. पक्कं घर नसेल तर पत्र्याच्या टपावाली चारचाकी बरी, काचा वर करून, शेतातली उघडी झोपडी आणि ट्रॅक्टर नाही.